बोलेल त्याने घमेलं उचलायचं

आमच्या रविवारच्या बैठकीत जेवढा कचरा उचलला गेला, त्याच्या दुप्पट किस्से साठले. कचऱ्याला निदान गाडी येते. किश्श्यांना कुठली गाडी? ते डोक्यातच पडून राहतात आणि कधी कणीक मळताना, कधी बँकेच्या रांगेत एकदम वर येतात. परवा बँकेत मी एकटीच हसत होते, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, बरं नाही का?" म्हटलं, आता लिहूनच काढावं. वेडी ठरण्यापेक्षा ते बरं.

आधी जागा सांगते. कोपरीत आमची चाळ. चाळीच्या पाठीमागे खाडीचा एक फाटा आत शिरायचा. शिरायचा म्हणजे पूर्वी. त्या फाट्याच्या टोकाला बायमावशीचं घर. मावशी जातीची कोळीण, वय अठ्ठ्याहत्तर, आणि समोर कोणीही असो, सगळ्यांना अरेतुरे. तिच्या उंबऱ्याला तिच्या नवऱ्याची होडी लागायची. मग जिकडेतिकडे जुन्या बिल्डिंगी पडल्या, टॉवर उठले, आणि पडलेल्या बिल्डिंगींचं डेब्रिज डंपर भरभरून आमच्या फाट्यात यायला लागलं. फाट्याचं तोंड बुजलं. मावशीच्या मुलाची, धर्माची, होडी आता लांब चिखलात उभी. आणि पावसाळ्यात जे पाणी खाडीत जायचं ते आमच्या पलंगाखाली.

त्यात खबर आली, ही "मोकळी जागा" सपाट करून इथं पार्किंग होणार. मोकळी म्हणे! कोणी मोकळी केली ते विचारायला नको का?

मी भांडायला निघालेच होते, तेवढ्यात शलाका आली. डोंबिवलीची, सव्वीस वर्षांची पोर, कुठल्याशा संस्थेतली. म्हणाली, "नंदाताई, भांडण आहेच. आधी गोष्टी सांगू या." वीस वर्षांनी आपला खाडीकाठ कसा असेल, त्याची प्रत्येकाने गोष्ट सांगायची. गोष्ट चांगली पाहिजे, रडकी चालणार नाही. आणि आपण तिथं पोचलोय, डोळ्यांनी बघतोय, अशी सांगायची.

मी म्हटलं, "अगं पोरी, गोष्टींनी डेब्रिज हलतं का?" आणि माझा एक नियम वर घातला. बोलेल त्याने घमेलं उचलायचं. ज्याची गोष्ट, त्याने पुढच्या रविवारी तिच्यातलं पहिलं काम स्वतःच्या हाताने सुरू करायचं. जमत नसेल तर तोंड उघडायचं नाही!

*

पहिला रविवार. समाजमंदिराच्या हॉलमध्ये चटईवर आम्ही आठ-दहा बायका आणि पुरुषांत एकटे पेडणेकर काका. काका समोरच्या बिल्डिंगीत राहतात, मूळ कणकवलीकडचे, रिटायर्ड क्लार्क.

पहिली सरिता. माझ्या शेजारची, एका टॉवरमध्ये हाऊसकीपिंगला जाते. तिने डोळे मिटले, हात जोडले आणि सुरू झाली, "वीस वर्षं झालीत. आपल्या चाळीचं रीडेव्हलपमेंट पूर्ण झालंय. सगळ्यांच्या हातात चाव्या आहेत..."

काका मध्येच म्हणाले, "सरिता, गोष्ट चांगली पाहिजे हे कबूल. पण जराशी तरी पटली पाहिजे ना!"

हॉल हसून हसून आडवा. मग शलाका बायमावशीकडे वळली. "मावशी, तुम्ही सांगा. वीस वर्षांनी..."

"वीस वर्सांनी मी त मेलेली."

शलाकाचा चेहरा एवढासा झाला. "मावशी, काहीतरी चांगलं सांगा ना."

"चांगलाच सांगतंय. सोताचे घरान मेलेली. पार्किंगान नाय."

  आयुष्यात पहिल्यांदा मला माझा नियम बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. पहिलं काम सुरू कर म्हणून सांगायचं कसं?

*

पेडणेकर काकांची गोष्ट खताची. वीस वर्षांनी त्यांच्या बिल्डिंगीतून कचऱ्याचा कणसुद्धा बाहेर जात नाही, गच्चीवर वांगी लटकलीत, लाल माठ डुलतोय, वगैरे. नियमाप्रमाणे पुढच्या रविवारी जिन्याखाली खताचा ड्रम आला.

आता काका म्हणजे जन्माचे क्लार्क. रोज सकाळी ग्लोव्हज घालून, चष्मा नाकावर ओढून, प्रत्येक घराची बादली काठीने तपासायचे. प्लॅस्टिक सापडलं की त्या मजल्यापर्यंत चढून जायचे. "गांडुळांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

एका सकाळी मी घरी लाटलेल्या चपात्यांची ऑर्डर पोचवायला त्या बिल्डिंगीत गेलेले. श्रावण चालू. काका जिन्याखाली उभे राहून वर तोंड करून ओरडत होते, "निळी बादली कोणाची? हाडं आहेत हिच्यात! कोंबडीची हाडं ड्रममध्ये चालत नाहीत!"

तिन्ही मजल्यांवर चिडीचूप. कारण निळी बादली कोणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षबाईंची! बाई श्रावणात कांदा-लसूण खात नाहीत. शेजारी कोणी भुर्जी केली तरी खिडकी लावून घेतात. मी तर तिथंच भिंतीला चिकटले. म्हटलं, आता काय ऐकायला मिळणार देव जाणे.

बाई शांतपणे जिना उतरल्या. पदर खोचलेला, कपाळाला अष्टगंध. ड्रममध्ये वाकून बघितलं आणि म्हणाल्या,

"हाडं चालत नाहीत ना? बरं. उद्यापासून बोनलेस आणते!"

*

नंतर सरिताने दुसरी गोष्ट सांगितली. ही मात्र चांगलीच पटली, आणि तिथंच घोटाळा झाला.

"मी खाडीवरच्या बागेत बसलेय," सरिता सांगत होती. "समोर तिवरांची झाडं, गर्द. फ्लेमिंगो आलेत, लांबून गुलाबी चादर वाळत घातल्यासारखे दिसतायत. बाकांवर म्हाताऱ्या बसल्यात. पोरं होडीतून फेरी मारून येतात." सांगता सांगता तिचा आवाज असा लागला की शलाकाने मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. ग्रुपवरून ते कुठंकुठं गेलं ते देवाला माहीत.

पुढच्या रविवारी आम्ही नाकाला फडकी बांधून डेब्रिज उपसतोय, तर दोन रिक्षा थांबल्या. आतून आजी, सून, नातवंडं, सतरंजी, डबे असा सगळा संसार उतरला. डोंबिवलीहून आलेले!

सून म्हणाली, "अहो ताई, ती फ्लेमिंगोवाली बाग कुठून?"

मी हबकले. हातातलं घमेलं पायावर पडायचंच बाकी. मी आपलं खरं ते सांगितलं, "इथंच आहे. वीस वर्षांनी या!"

आजी खाली उतरल्या, गुडघा धरून त्या ढिगाऱ्याकडे बघत राहिल्या. मग एका पडक्या स्लॅबवर सतरंजी अंथरली, डबा उघडला आणि सुनेला म्हणाल्या, "रिक्षाला एवढे पैसे दिलेत, पुऱ्या तरी खाऊन जाऊ." खाल्ल्या! आम्हालाही दिल्या. जाताना मला म्हणाल्या, "बाई, फार घाण आहे हो तुमच्याकडे." वर आणि सरिताच्या गालाला हात लावून, "पण तू सांगतेस छान!"

हे तर काहीच नाही. कोणीतरी बहाद्दराने ती क्लिप ऐकून एका ऑफिसच्या ॲपवर तक्रार टाकली. कुठलं ऑफिस ते मी सांगणार नाही. तक्रार अशी, की खाडीवरच्या नवीन बागेत बाक आहेत, झाडं आहेत, पण संध्याकाळी दिवे नसल्याने महिलांची गैरसोय होते.

आठ दिवसांत उत्तर आलं. शलाकाने मोठ्याने वाचून दाखवलं. "सदर ठिकाणी पाहणी करून दिवे दुरुस्त करण्यात आले आहेत."

*

डंपर मात्र थांबत नव्हते. आम्ही रविवारी दहा घमेली काढायचो, मंगळवारी एक डंपर येऊन वर्षाचं काम बुजवून जायचा. म्हणून एका मंगळवारी भर दुपारी मी, सरिता आणि बायमावशी रस्त्यातच बसलो. मावशीने तर मासळीची पाटी आणून समोर मांडली. म्हणाली, "बसाचाच हाय त धंदा का बुरवाचा?"

डंपर आला. हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर थकला आणि खाली उतरला. तरणाताठा, डोळे लाल. "मावशी, हटो ना. शीळफाट्यावरून फिरून येतोय, सकाळपासून चहा नाही." अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

मी तयारीतच होते. चांगल्या दहा-बारा शिव्या निवडून ठेवलेल्या. पण शलाका धावत आली आणि त्याला म्हणाली, "भैया, एक मिनट. बीस साल बाद ये जगह कैसी है, बताओ. सिर्फ इतना बताओ, फिर हम बात करेंगे."

मी कपाळावर हात मारला. हिला कुठं काय विचारावं कळत नाही!

त्याने खरंच विचार केला. ढिगाऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बीस साल बाद? मैं यहीं गाड़ी लेके खड़ा हूँ. और आप यहीं सामने बैठी हो."

माझ्या सगळ्या निवडक शिव्या वाया गेल्या. असं कोणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं, आणि एवढं खरं तर नाहीच नाही.

त्याने मावशीच्या पाटीतले बोंबील हाताळले, भाव केला, घेतले. गाडी भरलेली तशीच रिव्हर्स घेतली. काचेतून म्हणाला, "आज नहीं डालता. कल का मेरे को मत बोलो, कल दूसरा ड्राइवर है."

दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर आला. आम्ही पण बसलो होतो!

*

डेब्रिज उपसताना काय काय सापडतं! नळाच्या तोट्या, देव्हाऱ्याचं दार, अर्धं कमोड. सरिताला एक आख्खं वॉशबेसिन मिळालं, त्यात तिने पुदिना लावलाय.

एका रविवारी पेडणेकर काका एक तुकडा हातात घेऊन उभेच राहिले. मी म्हटलं, "काका, पुढे द्या की. लाईन थांबलीय."

काका हलेनात. तो ओट्याच्या भिंतीचा तुकडा होता. चार टाइल्स, तीन द्राक्षांच्या घोसाच्या आणि चौथी आंब्याची.

"द्राक्षाची एक कमी पडली होती," काका म्हणाले. "दुकानात मिळेना. मग ही आंब्याची मी स्वतः बसवली. आमची ही महिनाभर बोलत नव्हती माझ्याशी."

काका पूर्वी वर्तकनगरला राहायचे. ती जुनी बिल्डिंग पाडली आणि ते इकडे आले, हे आम्हाला माहीत होतं. काकू जाऊन चार वर्षं झाली, हेही माहीत होतं. पण त्यांचं स्वयंपाकघर आमच्या खाडीत येऊन पडलंय, हे कोणाला माहीत असणार?

काका माझ्याकडे वळले. 

"नंदाबाई, म्हणजे फाटा बुजवणाऱ्यांत मी पण आलो की हो!"

त्या दिवशी ते अंधार पडेपर्यंत उपसत होते. कोणाचं ऐकलं नाही. आंब्याची टाइल तेवढी रुमालात बांधून घरी नेली.

*

एवढे दिवस मी सगळ्यांच्या मागे काठी घेऊन होते, स्वतःची गोष्ट काही सांगितली नव्हती. एकदा सरितानेच पकडलं. "नंदाताई, नियम तुमचा, आणि तुम्हीच नामानिराळ्या?"

सगळ्या चढल्याच माझ्यावर. मी रागारागात डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले. "वीस वर्षं झालीत. नळावर पाणी आहे, गटार झाकलेलं आहे, डंपर येत नाही. आणि मी कोणाशी भांडत नाहीये. गरजच पडत नाही."

डोळे उघडले तर सगळ्या एकमेकींकडे बघतायत. शलाकाने तोंडावर हात ठेवलेला. मग काका हळूच म्हणाले, "म्हणजे पुढच्या रविवारपासून..."

मेले! स्वतःच्या नियमात स्वतःच सापडले.

पण बोलले तर करणार. रविवारी सकाळी नळावर एकीने माझ्या हंड्यापुढे बादली सरकवली. मी म्हटलं, "भर हो." ती घाबरून बादली तिथंच टाकून गेली. सोमवारी गॅसवाल्याने सिलेंडर चाळीच्या तोंडाशीच ठेवला. मी म्हटलं, "असू दे, दमला असशील." त्याने तो पार घरात आणून दिला, शेजारणीचाही.

घरात आमचे हे भाजीत मीठ जास्त झालं म्हणाले. मी म्हटलं, "हो, झालंय खरं."

संध्याकाळी ह्यांनी रिक्षा लवकर बंद केली, मला आत बसवलं आणि न बोलता थेट डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय?

ह्यांचा आवाज कापत होता. "डॉक्टर, कालपासून ही भांडलेली नाही."

डॉक्टर आम्हाला वीस वर्षं ओळखतात. ताबडतोब बीपी घेतलं!

*

आता शेवटचा. 

पार्किंगवाले साहेब जागा बघायला येणार, असं पत्र आलं. त्यांनी एकदा होय म्हटलं की संपलं. मावशीचं दार, धर्माची होडी, आमचे पलंग, सगळंच. आम्ही दीड वर्ष उपसत होतो, रस्त्यात बसून बसून डंपरही बंद पाडले होते. तोंडावरचे शेवटचे दोन स्लॅब आदल्या रविवारी धर्माने आणि दहा जणांनी दोरखंड लावून ओढले होते. पण त्यानंतरही पाणी तोंडाशी यायचं आणि मागे फिरायचं. फाटा कोरडाच. आमचे चेहरे पण.

साहेब कधीही येतो म्हणत होते. तर मावशीने शलाकाला सांगितलं, "अवसेचे दिशी बोलाव. दुपारचे जेवाचे टायमाला." आम्हाला वाटलं, म्हातारी त्याला जेवायला घालून पटवणार.

साहेब आले. काळे चकचकीत बूट, हातात नकाशा. फाट्याच्या मधोमध उभे राहून नकाशा उलगडला. "हे बघा. इथं पाणी दाखवलेलंच नाही. ही कोरडी जागा आहे."

शलाकाने जुने फोटो पुढे केले. साहेब म्हणाले, "मॅडम, फोटो कुठलेही असू शकतात. मी कागदावर जातो."

माझं डोकं फिरलं. मी पदर खोचला, तर मावशीने माझा हात दाबला. "बस नंदे." एवढंच. मग तिने घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणून साहेबांसाठी तिथंच, कोरड्या फाट्यात मांडली. "बस सायब. च्या घे."

साहेब बसले. मावशी समोर उकिडवी बसली आणि आपल्या लग्नाची गोष्ट सांगायला लागली. विटाव्याहून होडीतून कशी आली. होडीला झेंडूची तोरणं. बँडवाले दुसऱ्या होडीत, त्यातला ढोलवाला पाण्यात पडला. सासूने उंबऱ्यावरून हात देऊन कशी उतरवून घेतली. पंगतीला कोलंबी किती, निवट्या किती. संपेचना! मी मनात म्हणतेय, अगं म्हातारे, मुद्द्याचं बोल, आपलं घर चाललंय!

साहेबांनी घड्याळ बघितलं. "मावशी, मुद्द्यावर या."

"येतंय रं. जो तो आपले टायमाला येतंय."

साहेबांनी मोबाईल काढला. मावशी बोलतच राहिली. आधी मला वाटलं ऊन हललं. मग एक खेकडा साहेबांच्या खुर्चीखालून घाईघाईने गेला. मग खुर्चीच्या पायांभोवती माती काळी झाली, चमकली, आणि हलायला लागली.

सरिताने माझ्या दंडात नखं रुतवली.  

"सायब," मावशी म्हणाली, "पाय वर घे."

साहेबांनी खाली बघितलं. बूट पाण्यात! उडी मारून उठले तर खुर्ची चिखलात कलंडली. मागे वळले तर आले ती वाट पाण्याखाली. चारी बाजूंनी अमावास्येच्या उधाणाची भरती आत येत होती. आणि फाट्याच्या तोंडातून, बांबू टेकत टेकत, धर्मा होडी घेऊन येत होता. आमच्या चाळीच्या गॅलऱ्या भरलेल्या. पेडणेकर काका रुमाल काढून ओक्साबोक्शी रडत होते. होडीचं नाक हळूच मावशीच्या उंबऱ्याला लागलं. मी खाली बसले, पाण्यातच. 

साहेबांना दुसरा रस्ताच नव्हता. बूट हातात घेऊन चढले होडीत. मावशी पण चढली, पदर सावरत, नवरीसारखी, आणि तिच्यामागून मी. धर्माने होडी वळवली.

 पाण्याकडे एकदा बघून साहेबांनी गुडघ्यावर नकाशा पसरला, खिशातून पेन काढलं आणि फाट्याच्या तोंडापासून एक निळी रेघ ओढायला घेतली. थोडी ओढली आणि थांबले.

"मावशी, पुढे हा कुठं वळतो?"

मावशीने उभ्या आयुष्यात पेन धरलेलं मी पाहिलेलं नाही. तिने हात पुढे केला.

"दे हकरं. तुना नाय जमाचा."